नवीन आणलेली कुत्री नऊ दिवस दिवाणाखालून बाहेर येत नाही. विश्वास कसा बसवायचा?

गोदाकाठची (परभणी)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

घरात आम्ही चौघं: मी, नवरा, नववीतली मुलगी आणि सासरे. दिवाळीच्या आधी नवऱ्याच्या मित्राच्या जिनिंगवर सरकीच्या ढिगाआड एक कुत्री सापडली. गावठी, करडी, असेल दीड-दोन वर्षांची. मानेत सुतळी रुतून घाव झालेला. कामगार रोज भाकरी टाकायचे, पण ती कुणाच्या हाताला लागली नाही. शेवटी इथल्या प्राणिमित्र पोरांनी जाळीत धरून दवाखान्यात नेली, सुतळी काढली, रेबीजची लस दिली, आणि आम्ही घरी आणली. मुलीनं नाव ठेवलं सरकी.

आज नववा दिवस. दिवाणाखाली भिंतीला पाठ लावून बसलेली असते. रात्री सगळे झोपले की बाहेर येते, ताटली चाटूनपुसून साफ करते, मागच्या अंगणात जाऊन येते आणि पुन्हा आत. मी जवळ बसले की तोंड फिरवते, जांभया देते, सारखे ओठ चाटते. हात पुढे केला की अंगाचा गोळा करते आणि डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसायला लागतं. एकदाही गुरगुरली नाही. मामांची (सासऱ्यांची) काठी फरशीवर वाजली की जागेवरच मुतते.

परवा मी चूक केली. खालची फरशी पुसायची म्हणून तिला पुढच्या पायांना धरून ओढून काढलं. चावली नाही, ओल्या फडक्यासारखी नुसती लोंबली. त्यानंतर दोन रात्री ती जेवायलाही बाहेर आली नाही. मला रात्रभर झोप नाही. मामा म्हणतात, जिथून आणली तिथं सोडून या, मुक्या जीवाला कोंडून पाप कामून घेता?

आता ही चूक कशी निस्तरू? आणि विश्वास बसायला साधारण किती दिवस लागतात?

हुरडा_आणि_गूळ (उदगीर)

नाव मात्र लई भारी. सरकीच्या ढिगात सापडली म्हणून सरकी, आणि हात लावायला गेलं की सरकी!

ताई, काय घाबरलालाव एवढं. नऊच दिवस झालेत. नवी सून तरी नऊ दिवसांत कुठं मोकळेपणानं बोलते?

काळी_माती (लातूर)

आमचा काळू असाच होता. रेल्वे स्टेशनबाहेर कुणीतरी उकळतं पाणी टाकलेलं, पाठीवरचे केस गेलेले. तो मोरीच्या कोपऱ्यात बसायचा. मी आधी सगळं उलटं केलं. समोर बसायचे, डोळ्यात बघायचे, 'ये ये बाळा' म्हणून लाडानं हाका मारायचे, हातात बिस्किट धरून हात लांब करायचे. तो आणखी आक्रसायचा.

मग एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की तू त्याच्याकडे येणं बंद कर, त्याला तुझ्याकडे येऊ दे. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मोरीपासून सहा-सात फुटांवर, त्याच्याकडे पाठ करून, जमिनीवर बसायला लागले. मेथी निवडायची, शेंगा सोलायच्या, पेपर हळू आवाजात वाचायचा. मध्येच मागे न बघता उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्याच्या दिशेनं टाकायचा. बस. अर्ध्या तासानं उठून जायचं.

बाराव्या दिवशी मानेला गार काहीतरी लागलं. त्याचं नाक. मी हलले नाही, वळलेही नाही. हातातली मेथी तशीच हातात. तो वास घेऊन परत गेला. त्या दिवशी मी त्याच्याकडे वळले असते तर आणखी बारा दिवस गेले असते, हे मला आजही पक्कं वाटतं.

ओढून काढल्याचं मनाला लावून घेऊ नका. पण आता दिवाणाखालची जागा तिची. तिथं कुणाचा हात जाणार नाही, झाडू जाणार नाही, मुलीनं डोकावायचंही नाही. फरशी घाण राहू दे चार दिवस.

रांगडा_गडी (जालना)

सगळ्यांना मान देऊन वेगळं सांगतो. चाळीस वर्षं शेतावर कुत्री आहेत. एवढे लाड केले तर कुत्रं डोक्यावर बसतं. साखळीनं दारात बांधा, दोन दिवस उपाशी ठेवा, मग तुमच्याच हातानं खाऊ घाला. अन्न कोण देतं हे कळलं की आपोआप माणसाळतं. दिवाणाखाली राहू दिलं तर वर्षभर तिथंच राहील.

गुरांचा_डॉक्टर (अंबाजोगाई)

रांगडा गडी, तुमचा अनुभव मोठा आहे, पण तुमची कुत्री पिल्लापासून तुमच्या शेतावर वाढलेली असणार. साधारण तीन आठवड्यांपासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे काही बघतं, ते त्याला जगाचा भाग वाटतं. त्या काळात माणूस मायेनं भेटला नाही, किंवा नंतर माणसानं मारलं, तर ते कुत्रं वेगळं असतं. त्याला उपाशी ठेवून बांधलं तर ते हातातलं खाईल, पण पोट जाळतंय म्हणून खाईल. जवळ येण्याची भीती तशीच राहते, वर पळून जायची वाट बंद झाल्याची भीती वाढते. असं कुत्रं एक दिवस न सांगता चावतं.

गोदाकाठची ताई, तुम्ही लिहिलेलं एकेक लक्षण ती तुम्हाला सांगतेय ती गोष्ट आहे. जांभई झोपेची नाही. ओठ चाटणं भुकेचं नाही. तोंड फिरवणं, डोळ्यांचं पांढरं दिसणं, शेपूट पोटाखाली घेणं, गरमी नसताना धापा टाकणं, या सगळ्याचा अर्थ 'मला थोडी जागा द्या'. ओढल्यावर लोंबली तो शांतपणा नव्हता, भीतीनं गोठली होती. आणि पुढेमागे गुरगुरली तर रागावू नका. गुरगुरणं ही सूचना असते. सूचनेवर मार मिळाला तर कुत्रं सूचना देणं सोडतं, चावणं सोडत नाही.

दोन दवाखान्याच्या गोष्टी. एक, लपणारं प्रत्येक कुत्रं नुसतं घाबरलेलं नसतं. दुखणाऱ्या जागेमुळेही लपतात. गोचीड ताप आपल्याकडे भरपूर, त्यातही कुत्रं मलूल पडतं, खात नाही. दोन रात्री जेवली नाही म्हणता, तर आणखी थांबू नका. आज तिचा एक व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. परभणीत तर पशुवैद्यक महाविद्यालयच आहे, मी तिथंच शिकलो. दुसरं, घरात कुणाला दात किंवा नख लागलं, रक्त आलं नाही तरी, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. तिला लस दिलीय म्हणून टाळायचं नाही. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

गोदाकाठची (परभणी)

डॉक्टरसाहेब, मुलगी कालच म्हणाली, 'आई, तिला किती झोप येते बघ.' आज तिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, रडली. व्हिडिओ आमच्या डॉक्टरांना पाठवला. गोचीड तापाची लक्षणं दिसत नाहीत, आज रात्रीपर्यंत वाट बघा, नाही जेवली तर आणा, म्हणाले.

कयाधू (हिंगोली)

आमच्या नर्सीच्या नामदेव महाराजांची गोष्ट आठवली. कुत्रं भाकरी घेऊन पळालं तर महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, 'देवा, कोरडी खाऊ नकोस' म्हणत. लहानपणी आजी सांगायची तेव्हा मला त्या कुत्र्याचं वाटायचं, बिचारं किती घाबरलं असेल! ताई, तूप घ्या, पण मागे धावू नका. वाटी ठेवून बाजूला व्हा.

येळवस (धाराशिव)

@कयाधू, नमस्कार तुम्हाला. माझ्या मनात अगदी हीच गोष्ट आली होती.

माझ्याकडून एक छोटी गोष्ट. तुमची वापरलेली, न धुतलेली जुनी साडी तिच्या जागेजवळ टाका. ओळख आधी नाकानं होते. आमच्या राणीनं माझी साडी ओढत आत नेली आणि तिच्यावर झोपली, तेव्हा ती मला हात लावू देत नव्हती, पण माझ्या वासावर झोपत होती. आणि जेवणाच्या, अंगणात सोडायच्या वेळा घड्याळासारख्या ठेवा. पुढे काय होणार हे कळलं की अर्धी भीती जाते.

पाणचक्की (छ. संभाजीनगर)

जेवणात कांदा-लसूण असलेलं काही नको. बेदाणे, द्राक्षं, चॉकलेटही नको. गावठी आहे म्हणून सगळं पचतं असं नाही. आमच्या सोसायटीत एकीनं प्रेमानं रस्सा-भाकर घातली आणि कुत्रं चार दिवस सलाइनवर होतं.

हुरडा_आणि_गूळ (उदगीर)

भाकरी-ताक चालतं का? आमच्या गावात सगळी कुत्री त्यावरच धष्टपुष्ट आहेत.

गुरांचा_डॉक्टर (अंबाजोगाई)

चालतं, बहुतेकांना पचतं. पण नुसत्या भाकरीवर ठेवू नका. अंडं, हाडं काढलेलं चिकन, थोडा भोपळा असं काही हवं. आणि विश्वासासाठी जे द्यायचं ते रोजच्या ताटलीत नसलेलं, वासाचं आणि नखाएवढं लहान असू द्या. लहान तुकडा म्हणजे जास्त वेळा देता येतो.

बालाघाट (धारूर)

धारूरकडची गोष्ट सांगतो, थोडी वेगळी आहे.

आमच्या भागातून दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात भांडीकुंडी, पोरं, शेळ्या, कोंबड्या. काही जण कुत्रं सोबत नेतात, कोपीवर (फडाजवळच्या झोपडीवर) राखण होते. काहींना जागा नसते. आठ वर्षांपूर्वी मी फाट्यावर उभा होतो. एक पांढरं-तांबडं कुत्रं ट्रॉलीमागे पळत आलं. ट्रॉलीतली बाई रडत होती, हात हलवत होती, 'जाय माघारी' म्हणत होती. कुत्रं फाट्यापर्यंत पळालं आणि थांबलं. पुढे महिनाभर ते त्याच फाट्यावर, एसटीच्या निवाऱ्यात. येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरकडे बघायचं. पोरांनी दगड मारले. मग ते कुणाही माणसाला पाहून ज्वारीत पळायला लागलं.

मी रोज शाळेतून येताना तिथं गाडी थांबवायचो. पहिले काही दिवस भाकरी टाकून लगेच निघायचो. मग निवाऱ्यात बसून, त्याच्याकडे न बघता, माझाच डबा खायला लागलो. त्याच्या वाट्याचा कोर बाजूला ठेवायचो आणि दर दोन दिवसांनी तो कोर थोडा माझ्याकडे सरकवायचो. दहा फूट, आठ फूट. तो येऊन उचलून पळायचा. एकदा मी घाई केली, चार फुटांवरून एकदम दोन फुटांवर आलो, तर तो आलाच नाही, पुन्हा दहा फुटांपासून सुरुवात. सहा आठवड्यांनी तो माझ्या पायाशी बसून भाकरी चावत होता. त्यानंतर गाडीमागे पळत घरी आला. मी आणला नाही, तो आला.

मार्चअखेर टोळी परत आली. ती बाई फाट्यावर उतरली आणि तिनं कुणाला तरी विचारलं. त्यांनी माझं घर दाखवलं. कुत्र्यानं तिला पाहिलं आणि जो काही आवाज काढला तो मला लिहिता येणार नाही. त्याचं नाव मोत्या होतं, मी वेगळंच काही म्हणत होतो.

मला वाटलं गेला आता. पण तेव्हापासून असं आहे: उन्हाळा-पावसाळा तो त्यांच्याकडे असतो, दिवाळीनंतर ट्रॉली निघायच्या आदल्या दिवशी त्या स्वतः त्याला माझ्याकडे आणून सोडतात. आता दहा-एक वर्षांचा असेल. परवाच आलाय.

काळी_माती (लातूर)

@बालाघाट, दोनदा वाचलं. डोळे भरून आले.

रांगडा_गडी (जालना)

बालाघाट सर, ही गोष्ट मनाला लागली. एक मात्र विचारतो, भांडायला नाही. शेतावर कुत्रं मोकळं पळतं, जागा भरपूर. घरात, जिथं माणसं येणार-जाणार, कुकर-मिक्सर चालणार, तिथं हे कसं जमायचं? सगळं घर तर कुत्र्यासाठी बंद ठेवता येत नाही.

निवृत्त_मास्तर (नांदेड)

रास्त प्रश्न आहे. मी मानसशास्त्र शिकवायचो, म्हणून थोडं पाव्हलॉव या रशियन शास्त्रज्ञांबद्दल. घंटेमागून रोज खाणं दिलं की पुढे नुसती घंटा वाजली तरी कुत्र्याला लाळ सुटते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्यांना 1904 चं नोबेल मिळालं ते मात्र पचनक्रियेवरच्या कामासाठी. आपल्या उपयोगाचं म्हणजे, जे भीतीशी जोडलं गेलंय ते चांगल्या गोष्टीशी नव्यानं जोडता येतं. फक्त क्रम पाळावा लागतो. आधी आवाज, लगेच मागून खाऊ. आधी खाऊ दाखवला आणि मग आवाज केला तर उलटं होतं, कुत्रं खाऊलाच घाबरायला लागतं. आणि आवाज इतका लहान हवा की तिनं कान टवकारावेत पण पळू नये. मिक्सर शेजारच्या खोलीत, दार लावून, दोन सेकंद. लगेच अंड्याचा तुकडा. दिवसातून चार-पाच वेळा, बस.

आणखी एक. 1924 साली रशियातल्या लेनिनग्राडला पूर आला. पाव्हलॉवच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत पाण्यात अडकली, त्यांना कसंबसं बाहेर काढलं. त्यानंतर काही कुत्री शिकलेलं सगळं विसरल्यासारखी वागायला लागली. त्यातल्या एकाचं शिकलेलं परत आलं ते प्रयोग करणारा माणूस त्याच खोलीत सोबत बसायला लागल्यावर. वर्गात हे सांगताना मी दरवेळी क्षणभर थांबायचो.

तेव्हा ताई, त्या काठीचंही असंच करता येईल. मामांना विनंती करा. काठी वापरायची नाही असं नको, त्यांना आधार लागतो. काठी दिवसातून एकदा जमिनीवर आडवी ठेवायची, कुणीही हातात न धरलेली, आणि तिच्या आसपास खाऊ पसरायचा.

गोदाकाठची (परभणी)

सोळावा दिवस. पहिली चांगली बातमी!

त्याच रात्री ती दोन वाजता जेवली. मी अंधारात पडूनच ताटलीचा आवाज ऐकला. तेव्हापासून काळी_माती ताईंसारखी रोज संध्याकाळी सहाला पाठ करून बसते, तुरीच्या शेंगा सोलत. माझी साडी तिनं आत ओढून घेतलीय (येळवस ताई!). काल मागे खरखर झाली. मी वळले नाही. फरशीवर पडलेली माझी सावली बघत बसले, सावलीच्या कडेला दोन कान आले. शेंगेचं टरफल उचलून ती मागे गेली.

मास्तरांचं काठीचं मामांना सांगितलं. म्हणाले, 'माझी काठी कुत्र्याला शिकवायला नाही.' पण दुपारी झोपायला जाताना दाराशी आडवी ठेवून गेले. रबराचं बूड बसवू का विचारलं तर काही बोलले नाहीत. नवऱ्यानं बसवून आणलं. आता काठी वाजत नाही.

पाणचक्की (छ. संभाजीनगर)

वा! आता एक धोक्याची सूचना. बाहेर नेण्याची घाई नको. नेलंच तर नुसता पट्टा नको. घाबरलेलं कुत्रं मागे रेटतं आणि मान पट्ट्यातून सटकते. छातीचा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा, दोन्हीला वेगळी दोरी. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर.

गोदाकाठची (परभणी)

कुणी जागं आहे का? सरकी पळाली.

मानेची जखम दाखवून आणली. येताना आमच्याच फाटकात गाडीतून उतरवत होतो. शेजारच्या गल्लीत हळदीचा डीजे एकदम सुरू झाला. तिनं मागे रेटलं, हार्नेस उद्या येणार होता, पट्टा माझ्या हातात राहिला. नवरा आणि पोरं गाडीवर मागे गेली, ती आणखी लांब पळाली. साडेनऊ वाजलेत. एकविसाव्या दिवशी सगळं घालवलं मी.

गुरांचा_डॉक्टर (अंबाजोगाई)

आधी सगळ्यांना परत बोलवा. आत्ता. मागे माणसं लागली की ती लांब जात राहील, नुसती नावानं हाकही पाठलागासारखी वाटेल. ती जवळच कुठंतरी दडली असण्याची शक्यता जास्त.

फाटक उघडं ठेवा. तुमची साडी, तिची ताटली, तिनं अंग टाकलेलं फडकं फाटकाच्या आत ठेवा. दिवे मंद. डीजे थांबवता आला तर विनंती करा. एकानंच बाहेर बसायचं, शांत, फाटकाकडे पाठ करून. दिसली तर तिच्याकडे जाऊ नका, खाली बसा, खाऊ स्वतःपासून लांब टाका.

काळी_माती (लातूर)

मी जागी आहे ताई. लिहीत राहा. तुम्ही काही घालवलं नाही. एकवीस दिवस तिनं तुमच्याजवळ काय साठवलंय ते तिला माहीत आहे.

येळवस (धाराशिव)

गल्लीत कुणाकडे शांत, वयस्कर कुत्रं आहे का? घाबरलेलं कुत्रं माणसाकडे येत नाही, पण दुसऱ्या कुत्र्याकडे येतं.

गोदाकाठची (परभणी)

पलीकडच्या दूधवाल्या काकांचा वाघ्या आहे. म्हातारा. सरकी अंगणात गेली की जाळीपलीकडून तो तिचं नाक हुंगायचा. काकांना सांगते.

रांगडा_गडी (जालना)

ताई, मीही जागा आहे. एक सांगतो, पहाटे तीन ते पाच लक्ष ठेवा. रस्ता निवांत झाला की घाबरलेलं जनावर हलतं. माझी एक कुत्री अशीच पहाटे आली होती.

गोदाकाठची (परभणी)

सापडली.

रात्री बारा वाजता डीजे थांबला. मी फाटकाच्या आत पाठ करून बसले होते, अंगावर चादर. तीनपर्यंत काही नाही. सव्वाचारला काका दुधाच्या कॅन घेऊन निघाले आणि वाघ्या नेहमीसारखा त्यांच्या मागे. काका कोपऱ्यावरच्या बंद किराणा दुकानापाशी थांबले, वाघ्या दुकानाच्या पायऱ्यांखाली तोंड घालून शेपूट हलवत उभा. काका तसेच पुढे गेले, अजिबात थांबले नाहीत (केवढे शहाणे!). पाच मिनिटांनी वाघ्या आमच्या फाटकातून आत आला, आणि त्याच्या मागच्या पायांना चिकटून सरकी. माझ्या बाजूनं गेली. जाताना तिची शेपूट माझ्या गुडघ्याला लागली. सरळ दिवाणाखाली.

फाटक लावताना माझे हात इतके थरथरत होते की कडी बसेना.

हुरडा_आणि_गूळ (उदगीर)

वाघ्याला माझ्याकडून दोन अंडी! पैसे पाठवतो, नाही म्हणायचं नाही.

बालाघाट (धारूर)

देव पावला. आता दोन-तीन दिवस काही नवीन करू नका. पाहुणे नको, आंघोळ नको, दवाखाना नको. भीतीवर भीती साचते, तिला उतरायला वेळ द्या.

पाणचक्की (छ. संभाजीनगर)

आणि हार्नेस आल्यावर लगेच घालू नका. आठवडाभर नुसता जमिनीवर पडू दे, त्यावर खाऊ ठेवा. मग डोकं आपणहून घालेपर्यंत वाट बघा.

नवा_पालक (बीड)

हा धागा शोधताना सापडला. माझंही पिल्लू असंच आहे, पाच दिवस झाले. गोदाकाठची ताई, पुढे काय झालं? मूळ प्रश्न होता किती दिवस लागतात, त्याचं उत्तर मिळालं का?

गोदाकाठची (परभणी)

आज त्र्याहत्तरावा दिवस.

कुत्री दत्तक देणारी मंडळी एक ढोबळ हिशोब सांगतात: तीन दिवस भांबावलेले, तीन आठवडे घराची वहिवाट कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. सरकीचं तसं सरळ झालं नाही. पळून आल्यावर आठवडाभर ती पहिल्या दिवसासारखीच होती. मग एकदम पुढे गेली.

मला खरा बदल कधी जाणवला ते सांगते. पस्तिसाव्या दिवशी ती माझ्या मांडीला टेकून बसली. मी हनुवटीखाली, वरून नाही, बाजूनं हात नेऊन तीन-चार सेकंद खाजवलं आणि हात काढून मांडीवर ठेवला. हे डॉक्टरांनी नंतर फोनवर शिकवलं होतं: हात काढून बघायचं, तिला आणखी हवं असेल तर ती सांगते. ती थांबली. माझ्या हाताकडे बघितलं. मग नाकानं माझा तळहात खालून वर उचलला. नाक ओलं होतं आणि त्याला तुरीच्या शेंगेचा कण चिकटलेला होता.

आता दिवाणाखाली फक्त कुकरच्या वेळी जाते. दुपारी फरशीवर चारी पाय पसरून, पोट उघडं टाकून आडवी झोपते. पूर्वी गोळा होऊन, एक डोळा उघडा ठेवून झोपायची. मुलीच्या मागे गच्चीवर जाते. नवऱ्याच्या जवळ जाते, पण तो उभा असला तर नाही, बसलेला हवा. अनोळखी पुरुषाला अजूनही घाबरते, त्यावर आम्ही काही जबरदस्ती करत नाही. पाहुणे आले की तिचं दार लावून घेतो आणि पाहुण्यांना सांगतो, तिच्याकडे बघू नका.

मामा तिला हाक मारत नाहीत, ती त्यांच्याजवळ जात नाही. पण ते अंगणात बसले की ती अंगणातच, सात-आठ फुटांवर बसते. काठी दोघांच्या मध्ये जमिनीवर आडवी असते.

@नवा_पालक, पिल्लू किती महिन्यांचं आहे? जेवतंय का? लपायला त्याची स्वतःची जागा आहे का? तेवढं आधी सांगा, मग पुढचं बोलू. आणि फाटकाची कडी तपासा.

गुरांचा_डॉक्टर (अंबाजोगाई)

ताई, नसबंदी केलेल्या भटक्या कुत्र्यांच्या कानाला खाच करतात. सरकीच्या कानाला ती नाही असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात, म्हणजे नसबंदी झालेली नसावी. आता ती सावरलीय, तर माजावर यायच्या आत करून घ्या. माजावरची कुत्री फाटकात थांबत नाही. दवाखान्यात न्यायच्या आधी शांत करणारं औषध डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्या. आपल्या घरातल्या गोळ्या देऊ नका, आयब्युप्रोफेन तर कुत्र्याला विष आहे. आणि रेबीजच्या पुढच्या डोसची तारीख कार्डावर बघा.

गोदाकाठची (परभणी)

कार्ड फ्रिजवर लावलंय. नसबंदीसाठी पुढच्या गुरुवारची वेळ मिळालीय. काका म्हणाले, वाघ्यालाही सोबत न्या, गाडीत तिच्या शेजारी बसेल.

नवा_पालक (बीड)

चार महिन्यांचं आहे ताई. जेवतंय, पण आम्ही खोलीतून गेल्यावरच. लपायला जागा नव्हती, आत्ता टेबलाला चादर लावली. आत गेलंय.